फटफटी फटाके का फोडते?



मोटारसायकलला आपल्याकडची जुनी माणसं अजूनही ‘फटफटी’ म्हणतात. किती सोपं नाव! कुणी शब्दकोश उघडून ते शोधलेलं नाही. गाडी फट-फट-फट करत आली, म्हणून ती फटफटी. आवाजावरून पडलेली अशी किती तरी नावं मराठीत आहेत. खुळखुळा, डुगडुगी, पिपाणी... अजून चार-पाच तुम्हीच शोधा आणि वहीत लिहून ठेवा.

पण मुलांनो, फट-फट वेगळं आणि ‘फाट्ट!’ वेगळं. गाडी छान चालली असताना मध्येच मागून सुतळी बॉम्ब फुटल्यासारखा आवाज येतो. रस्त्यावरचं कुत्रं दचकतं, पाळण्यातलं बाळ रडायला लागतं, ओट्यावर बसलेले आजोबा छातीवर हात ठेवतात. हा ‘फाट्ट’ कुठून येतो, का येतो आणि तो बंद कसा करायचा, ते आज पाहू.

हा विषय निघाला आमच्या पाचवीच्या वर्गात. एका मुलानं हात वर केला आणि म्हणाला, ‘‘गुरुजी, आमच्या बाबांची गाडी उतार लागला की फटाके फोडते. परवा अंधारात सायलेन्सरमधून जाळ पण दिसला. बाबा म्हणतात, पेट्रोल जास्त खायला लागलीय. आणि शेजारचा दादा म्हणतो, एक नंबर आवाज आहे, राहू दे तसाच. खरं कुणाचं?’’

त्याचे बाबा रोज पहाटे त्याच गाडीला दुधाच्या दोन कॅन बांधून वस्तीवरून नळदुर्गला येतात. गाडी बंद पडली तर दूध नासतं. शिवाय गाडी लावायची जागा घरामागे, कडब्याच्या गंजीजवळ. म्हणजे प्रश्न नुसत्या आवाजाचा नव्हता. म्हणून आम्ही गणिताचा तास थोडा बाजूला ठेवला आणि आधी इंजिनाच्या पोटात डोकावलो.

इंजिनाच्या पोटात काय चालतं?

सायकलचा पंप तुम्ही पाहिला आहे ना? नळकांडं आणि त्यात वर-खाली होणारा दट्ट्या. मोटारसायकलच्या इंजिनातही असंच एक जाड लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचं नळकांडं असतं. त्याला म्हणतात सिलिंडर. आत वर-खाली होणारा दट्ट्या म्हणजे पिस्टन. सिलिंडरच्या डोक्यावर दोन झडपा असतात. एक आत येण्याची, दुसरी बाहेर जाण्याची. मिस्त्री त्यांना ‘वॉल्व’ म्हणतात.

आता चार कामं पाठ करा:

१. दट्ट्या खाली येतो, आतली झडप उघडते, हवा आणि पेट्रोलचं मिश्रण आत ओढलं जातं.

२. दोन्ही झडपा बंद होतात, दट्ट्या वर जातो आणि मिश्रण दाबून घट्ट करतो.

३. प्लगमधून ठिणगी पडते, मिश्रण पेटतं आणि दट्ट्या जोरात खाली ढकलला जातो. गाडीला ओढ मिळते ती इथेच.

४. बाहेरची झडप उघडते, दट्ट्या वर जातो आणि जळलेला वायू सायलेन्सरमध्ये ढकलतो.

की पुन्हा पहिलं काम! जर्मनीच्या निकोलस ऑटो यांनी अशा चार कामांचं इंजिन १८७६ मध्ये चालवून दाखवलं. पुढे १८८५ मध्ये गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी लाकडी सांगाड्याच्या दुचाकीवर पेट्रोलचं इंजिन बसवलं. आपल्या फटफटीची ती पणजी म्हणायची.

आता एक गणित. इंजिनाचा दांडा मिनिटाला ३००० फेरे घेतो आहे. चार कामं पुरी व्हायला दोन फेरे लागतात. म्हणजे मिनिटाला किती वेळा मिश्रण पेटलं? १५०० वेळा. आणि सेकंदाला? २५ वेळा! तुम्ही ‘एक’ म्हणेपर्यंत पंचवीस स्फोट. ते सगळे सिलिंडरच्या आत, वेळच्या वेळी झाले, तर आपल्याला ऐकू येते ती नेहमीची फट-फट.

मिश्रणाचंही एक माप आहे. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. आई भाकरीचं पीठ मळते तेव्हा पाणी कमी पडलं तर भाकरी चिरते, जास्त झालं तर पीठ हाताला चिकटतं. इंजिनाचंही तसंच. पेट्रोल फार झालं तरी नीट जळत नाही, फार कमी झालं तरी नीट जळत नाही. जुन्या गाड्यांत हे मळण्याचं काम कार्बोरेटर करतो. नव्या गाड्यांत एक छोटा संगणक पेट्रोलचं माप ठरवतो आणि बारीक छिद्रातून ते फवारतो.

मग फटाका फुटतो कुठे?

आग लागायला काय काय लागतं, हे तुम्ही विज्ञानात शिकला आहात. सांगा पाहू! जळणारा पदार्थ, हवा आणि उष्णता. तिन्ही एकत्र आली की आग. एक जरी काढून घेतलं, की आग नाही. चुलीवर राख टाकली की जाळ विझतो, तो हवा तुटल्यामुळे.

आता हाच नियम सायलेन्सरला लावू. एखाद्या वेळी सिलिंडरमधलं मिश्रण पेटलंच नाही किंवा अर्धवट पेटलं, तर उरलेलं पेट्रोल वाफेच्या रूपात चौथ्या कामात बाहेर ढकललं जातं. ते येतं सायलेन्सरच्या नळीत. नळी तर तापलेलीच असते. शिवाय पुढच्या स्फोटाचा जळता वायू मागून येतोच. त्यात कुठून तरी ताजी हवा मिळाली, की तिन्ही गोष्टी जुळल्या. फाट्ट!

आपल्या नळदुर्गच्या किल्ल्यात उपळी बुरुजावर चढला असाल तर तिथल्या तोफा पाहिल्या असतील. तोफ म्हणजे तरी काय? एका बाजूनं बंद, दुसऱ्या बाजूनं उघडी नळी. आत दारू पेटली की वायू एकदम फुगतो आणि उघड्या तोंडातून सुटतो. त्याचाच तो धडाका. सायलेन्सरमध्ये पेट्रोल पेटतं तेव्हा घडतं ते याच जातीचं, फक्त लहान प्रमाणात. अंधारात दिसलेला जाळ तो हाच.

म्हणजे लक्षात आलं ना? हा आवाज गाडीच्या ताकदीचा नाही. दट्ट्याला ढकलण्यासाठी विकत घेतलेलं पेट्रोल भलत्याच ठिकाणी जळतं आहे, त्याची ही बोंब आहे. बाबा आणि शेजारचा दादा यांच्यात खरं कुणाचं, त्याचं निम्मं उत्तर इथेच मिळालं.

आणि दुरुस्तीची किल्लीही इथेच आहे. उष्णता तर सायलेन्सरमध्ये कायम असणार, ती काढता येत नाही. मग उरले दोनच प्रश्न. न जळलेलं पेट्रोल कुठून आलं? आणि हवा कुठून आली?

आधी कान, मग डोळे, शेवटी पाना

ताप आला म्हणून आपण डॉक्टरांकडे गेलो, तर डॉक्टर आधी विचारतात, कधीपासून? थंडी वाजते का? रात्री वाढतो का? गाडीच्या बाबतीत मात्र आपण एकदम म्हणतो, ‘‘मिस्त्री, प्लग बदला!’’ प्लग बदलतो, पैसे जातात, आवाज तसाच.

म्हणून त्या मुलाला मी सांगितलं, चार दिवस एक वही कर. तिचं नाव ‘आवाजाची वही’. बाबा घरी आले की त्यांना विचारायचं आणि लिहायचं:

• आवाज गाडी थंड असताना आला की तापल्यावर?

• चढावर आला, सपाटीला आला की उतारावर?

• मूठ पिळताना आला की सोडताना?

• आवाज मागून आला की इंजिनाजवळून, पुढून?

• एकच मोठा आला की बारीक फुट-फुट?

• धूर निघतो का? काळा की पांढरा?

• पेट्रोल शेवटचं कधी भरलं? टाकीत किती दिवसांचं आहे?

या प्रश्नांत गंमत आहे बरं का. प्रत्येक उत्तर एका भागाकडे बोट दाखवतं. कसं, ते पाहा.

उतारावर, मूठ सोडताना, मागून आवाज. तुळजापूरचा घाट सोलापूरच्या बाजूला उतरताना हा हमखास ऐकू येतो. मूठ सोडली की इंजिनात फार थोडं मिश्रण जातं. इतकं थोडं, की ते धड पेटत नाही आणि तसंच सायलेन्सरमध्ये जातं. सायलेन्सरची नळी इंजिनाला जिथे जोडलेली असते, तिथली चकती, म्हणजे पॅकिंग, जळाली असेल किंवा नट ढिले असतील, तर त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. पेट्रोलला हवा भेटली! धुरातलं विष कमी व्हावं म्हणून काही गाड्यांत सायलेन्सरच्या तोंडाशी हवा सोडणारी एक रबरी नळीही असते. ती चिरली तरी असंच होतं.

मूठ पिळताना, ओढीवर झटके आणि मागून आवाज. इथे संशय ठिणगीवर. प्लग खराब, प्लगची टोपी ढिली, वायर चिरलेली किंवा कॉइल कमजोर. पंचवीसपैकी दोन-चार ठिणग्या चुकल्या, की तेवढं पेट्रोल न जळता मागे गेलं. याला मिस्त्री म्हणतात, ‘गाडी मिसिंग मारतेय.’

सकाळी चालू करताना एकदाच मोठा आवाज. पुष्कळदा चोक जास्त वेळ ओढलेला असतो आणि किकवर किक मारलेली असते. पेट्रोल साचलं आणि मग एकदम पेटलं. गाडी गरम झाल्यावर चोक परत ढकलायला विसरलं, तरी पेट्रोल वाया जातं.

आवाज पुढून, कार्बोरेटरमधून. ही गाडीची शिंक. आग उलट्या दिशेनं आली. पेट्रोल कमी येत असेल, आत येण्याची झडप नीट मिटत नसेल किंवा ठिणगी भलत्या वेळी पडत असेल, तर असं होतं. हे मिस्त्रींचंच काम.

पेट्रोल भरल्यानंतर सुरू झालेला त्रास. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं. आपल्या भागातल्या उसाच्या मळीपासूनही ते तयार होतं. देशभरात २०२५ पासून त्याचं प्रमाण वीस टक्क्यांच्या घरात गेलं आहे. इथेनॉलला पाण्याची ओढ फार. गाडी बरेच दिवस उभी राहिली, टाकीच्या झाकणातून पावसाचं पाणी गेलं, तर ते पाणी इथेनॉलसकट तळाशी बसतं आणि तेच आधी इंजिनात जातं. गाडी गचके देणारच.

वहीनं काय सांगितलं?

आता आपल्या त्या मुलाच्या वहीकडे वळू. त्याच्या बाबांनी आधीच नवा प्लग टाकून घेतला होता, कार्बोरेटरही साफ करून घेतला होता. आवाज जसाच्या तसा. चार दिवसांनी वहीत हे लिहिलेलं होतं: ‘चढावर नाही. सपाटीला नाही. उतारावर मूठ सोडली की मागून. गाडी चालू केल्यावर पहिले दोन मिनिट पुढच्या नळीपाशी चुस-चुस आवाज.’

हा ‘चुस-चुस’ त्यानं कुणी न सांगता टिपला होता. शाब्बास!

वही घेऊन दोघं गॅरेजला गेले. मिस्त्रींनी वाचलं, गाडी थंड होऊ दिली आणि खाली बसून बॅटरीच्या उजेडात नळीचा जोड पाहिला. जोडाभोवती काजळाची काळी रेघ! आतला वायू तिथून बाहेर निसटत होता. आणि जिथून वायू बाहेर जातो, तिथूनच मूठ सोडल्यावर हवा आत जाते. एक नट ढिला झाला होता आणि पॅकिंग जळून गेलं होतं. नवं पॅकिंग बसवलं, नट आवळले. उतारावरचे फटाके बंद. प्लगपेक्षाही स्वस्तात काम झालं.

संपली गोष्ट? नाही. खरी शिकण्यासारखी गोष्ट पुढेच आहे.

दोन दिवसांनी तो मुलगा म्हणाला, ‘‘गुरुजी, आवाज गेला, पण पेट्रोल तेवढंच लागतंय.’’

आता आगीचा नियम पुन्हा आठवा. आपण काय काढलं होतं? फक्त हवा. पेट्रोल सायलेन्सरमध्ये येतच होतं. आता ते पेटत नव्हतं, एवढंच! आधी गाडी ओरडून सांगत होती, आता गप्प राहून नुकसान करत होती. म्हणजे आवाज बंद झाला म्हणून आजार बरा झाला, असं समजू नये.

मग दुसरा प्रश्न हाती घेतला, पेट्रोल जास्त का येतंय? मिस्त्रींनी नवाच घातलेला प्लग काढून पाहिला. त्याचं टोक काळंकुट्ट. प्लगचं टोक बिस्किटाच्या रंगाचं असेल तर इंजिन ठीक. काळं, काजळी धरलेलं असेल तर पेट्रोल जास्त आणि हवा कमी. पांढरट असेल तर पेट्रोल कमी. नव्या प्लगवर इतक्या लवकर काजळी म्हणजे हवेची वाट अडली आहे. एअर फिल्टर उघडला, तर त्यात वस्तीच्या कच्च्या रस्त्यावरचा फुफाटा ठासून भरलेला! गाडी नाक चोंदलेल्या माणसासारखी श्वास घेत होती. फिल्टर बदलला आणि आठवड्यात पेट्रोलचा हिशेब पूर्वीसारखा झाला.

बघा, दोष दोन होते. दोन्ही कामं एकाच दिवशी केली असती तर कशानं काय झालं, ते कळलंच नसतं. म्हणून हा नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहा: एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि फरक पडला का ते पाहूनच पुढे जा. गाडीलाच नव्हे, गणित चुकलं, रेडिओ बिघडला, कुंडीतलं रोप सुकलं, तरी हाच नियम.

तपासणीचा क्रम

बाबांना हा कागद कापून द्या. स्वस्त गोष्ट आधी, महाग गोष्ट शेवटी:

१. चोक परत ढकलला आहे का? टाकीतलं पेट्रोल ताजं आहे का?

२. एअर फिल्टर धुळीनं भरला आहे का?

३. सायलेन्सरच्या जोडाभोवती काळी रेघ आहे का? नट ढिले आहेत का? नळी कुठे गंजून फुटली आहे का?

४. प्लगच्या टोकाचा रंग कोणता? टोपी आणि वायर घट्ट आहेत का?

५. कार्बोरेटरची सफाई आणि हवा-पेट्रोलची सेटिंग.

६. झडपांची फट, म्हणजे टॅपेट. ती बिघडली तर झडप पूर्ण मिटत नाही.

७. कॉइल आणि ठिणगीची वेळ.

पहिली चार कामं मोठ्या माणसांना घरीही पाहता येतात. पुढची तीन मिस्त्रींची. आणि एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक गाड्यांत कार्बोरेटर नसतो. त्यांत मीटरवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा असतो. गाडी चालू झाल्यावरही तो पेटलेला राहिला, तर घरी खोलाखोल करायची नाही, थेट गॅरेज गाठायचं.

हौसेचे फटाके

आता शेजारच्या दादाकडे येऊ. काही मोठी मुलं चांगला सायलेन्सर काढून पोकळ नळकांडं बसवतात आणि मुद्दाम फटाके फोडत हिंडतात. तुमच्यातल्याही आठवी-नववीतल्या काहींना ते भारी वाटत असेल. म्हणून सायलेन्सरच्या आत काय असतं ते सांगतो.

बाहेरून तो नुसता पाइप दिसतो. आत मात्र लहान-लहान खोल्या, पडदे आणि भोकांच्या नळ्या असतात. आवाजाच्या लाटा या खोल्यांत आपटतात, परत फिरतात, एकमेकींना मारून टाकतात आणि बाहेर पडेपर्यंत दमून जातात. अमेरिकेच्या हायरम पर्सी मॅक्सिम यांनी बंदुकीचा आवाज दाबणाऱ्या नळीचं पेटंट १९०९ मध्ये घेतलं. इंजिनाचे सायलेन्सरही त्यांनी बनवले. म्हणजे बंदूक आणि गाडी, दोघींना गप्प बसवण्याची युक्ती एकाच घरातली!

ही विचारपूर्वक केलेली रचना काढून टाकली, की आवाजाबरोबर दुसरंही बिघडतं. जळलेला वायू भलत्या वेगानं सुटतो, हवा-पेट्रोलचं माप चुकतं. पुन्हा पुन्हा फटाके फुटले की बाहेरच्या झडपेला झळ बसते. नव्या गाड्यांत सायलेन्सरमध्ये धूर स्वच्छ करणारी जाळी असते. न जळलेलं पेट्रोल तिथे पेटलं, की जाळी लाल होऊन वितळते. ती जाळी महाग असते. मागे कडबा किंवा वाळलं गवत असेल तर एक जाळ पुरे!

आणि कानांचं काय? आवाज मोजतात डेसिबलमध्ये. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी वस्तीच्या भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. शाळा, दवाखाना आणि न्यायालय यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र ठरवता येतं. तिथे दिवसा ५०, रात्री ४०. कारखान्यातून निघणाऱ्या नव्या मोटारसायकलचा आवाज ठरलेल्या चाचणीत, इंजिनाच्या आकारानुसार, ७५ ते ८० डेसिबलच्या आत असावा लागतो. १० डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची ऊर्जा दहापट झाली. २० वाढले तर? शंभरपट! मग आजोबा छातीवर हात ठेवतील नाही तर काय?

कायदाही कडक आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या सुधारणेनंतर, आवाजाचे नियम मोडल्यास पहिल्याच वेळी दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. लायसनही तीन महिन्यांसाठी जातं. पुणे, नागपूरसारख्या शहरांत गेल्या काही वर्षांत पोलिसांनी असे सायलेन्सर जप्त करून रस्त्यावर ओळीनं मांडले आणि वरून रोलर फिरवला. हजारो रुपयांच्या हौसेचा पत्रा झाला!

पावसाळ्यात नर-मादी धबधबे पाहायला आपल्या गावात गाड्यांची रीघ लागते. पाहुण्यांनी यावं, जरूर यावं. पण धबधब्याचा आवाज ऐकायला आलेल्या माणसाला फटाके कशाला ऐकवायचे? कुणी मोठा दादा असं करत असेल तर त्याच्याशी भांडू नका. नुसतं विचारा, ‘‘दादा, तुझी गाडी पेट्रोल सायलेन्सरमध्ये का जाळते?’’ त्याला उत्तर आलं नाही, तर आजचा अंक वाचायला द्या.

सावधान!

• तापलेल्या सायलेन्सरला हात-पाय लावू नका. भाजलंच तर लगेच २० मिनिटं साध्या वाहत्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, हळद, शाई काही लावू नका. मोठा फोड आला तर दवाखान्यात जा.

• गाडी तपासताना काडी, मेणबत्ती, उदबत्ती जवळ आणू नका. बॅटरी वापरा. पेट्रोलची वाफ दिसत नाही, पण पेटते.

• बंद खोलीत किंवा शटर लावून गाडी चालू ठेवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि तो जीव घेऊ शकतो.

• चालू गाडीच्या चेनजवळ, चाकाजवळ बोटं नेऊ नका. तुमचं काम ऐकण्याचं, पाहण्याचं आणि लिहिण्याचं. पाना मोठ्यांच्या हातात.

पालकांसाठी दोन शब्द

ताई-दादांनो, मुलानं गाडीबद्दल प्रश्न विचारला तर ‘तुला काय कळतंय’ म्हणू नका. चार दिवस लक्ष देऊन ऐकणं हे काम मुलं आपल्यापेक्षा चांगलं करतात, कारण त्यांना घाई नसते. गॅरेजला जाताना त्यांना बरोबर न्या आणि काय बदललं ते मिस्त्रींकडून त्यांच्यासमोर समजून घ्या. जुना सुटा भाग परत मागून घ्या. मुलांना दाखवायला त्याच्यासारखं साधन नाही. मात्र गाडीची किल्ली त्यांच्या हाती देऊ नका. अल्पवयीन मुलानं नियम मोडून गाडी चालवली तर २०१९ च्या सुधारणेनुसार पालकांना २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्याहून मोठी किंमत कोणती, ते मी सांगायला नको.

सांगा पाहू!

१. इंजिन मिनिटाला ४८०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला किती वेळा मिश्रण पेटेल?

२. सायलेन्सरचा जोड नीट केला. फटाके बंद झाले, पण पेट्रोल जास्तच लागतं. आगीच्या तीन गोष्टींपैकी कोणती अजून शिल्लक आहे?

३. एका गाडीच्या प्लगचं टोक पांढरट आहे. पेट्रोल जास्त येतंय की कमी?

(उत्तरं: १. चाळीस वेळा. २. उष्णता तर असणारच, पण शोधायचं ते न जळलेलं पेट्रोल. ३. कमी.)

या आठवड्यात घरातली कुठलीही एक आवाज करणारी वस्तू निवडा. पंखा, शिलाई मशीन, पाण्याची मोटार किंवा सायकल. चार दिवस तिची ‘आवाजाची वही’ करा आणि काय शोध लागला ते मला कळवा. पुढच्या आठवड्यात पाहू, सायकलचं पंक्चर पाण्यात बुडवल्यावरच का सापडतं!

तुमचे,
गुरुजी